काना-मात्रा धरून

फोनवर विचारलंस ना, ताई, सुरुवात कशी करू?
आधी पहाटे ऊठ.
सावद्यात एप्रिलमध्ये नऊ वाजले की
रंग पाटीला लागायच्या आत ब्रशवरच वाळतो.

पतपेढी बुडाली तेव्हा मी तिथं कारकून.
बाहेर लोक शटर बडवत होते,
आत आम्ही दोघी आणि एक बंद पंखा.
शेवटच्या पगाराच्या बदल्यात मला मिळाली
एक लोखंडी खुर्ची.
तिच्यावर उभी राहून मी पहिला बोर्ड रंगवला.
भांडवल म्हणतात ते एवढंच.

पहिलं गिऱ्हाईक निंबा सरोदे, भरीत सेंटर, फैजपूर रोड.
म्हणाला, अक्षराला किती?
मी म्हटलं, वीस.
त्यानं बोटांवर मोजलं: भ, र, त...
मग डोळे बारीक करून,
'काना-मात्रा फुकट ना?'
मी हो म्हणाले.
तिथं चुकले, हर्षाली.
वेलांटी वळवताना हात जेवढा थरथरतो
तेवढा अख्ख्या 'भ'ला थरथरत नाही.

म्हणून दर कागदावर लिही
आणि घरात कुणी नसताना मोठ्यानं वाच.
आकडा ओठांत अडखळला तर परत वाच.
अर्धे पैसे आधी घे.
मामेभावाकडूनही.
मामेभावाकडून तर आधीच घे.

रंगाचे पैसे एका डब्यात, भाजीचे दुसऱ्यात.
मी एकदा रंगाच्या डब्यातून शाळेची फी भरली,
आणि 'गुरुकृपा टेलर्स' लिहिताना
'कृ'पाशी निळा संपला.
पुढचं हिरव्यानं केलं, मान खाली घालून.
टेलरला ते इतकं आवडलं की
आता दोघं-तिघं तसंच मागतात.
हे धोरण समजू नकोस. नशीब होतं.

लोक म्हणतील, फ्लेक्स स्वस्त पडतो.
पडतोच. भांडायला जाऊ नकोस.
दोन उन्हाळ्यांत फ्लेक्सवरचे साहेब
पांढरेफटक होतात, मिशीसकट.
तेव्हा जा त्या दुकानात,
चहा घे, वर बघ,
काही बोलू नकोस.

केळीच्या गाड्या भरतात तिथं मात्र बसून राहा.
घड चढेपर्यंत ड्रायव्हर मोकळा असतो,
आणि मागच्या फळीवर त्याला लेकीचं नाव हवं असतं.
नाव त्याच्याकडून दोनदा वदवून घे, मग ब्रश उचल.
माझी एक गुरलीन
'गुरलीत' होऊन जम्मूपर्यंत गेली.
अजून कुठल्या तरी घाटात ती तशीच फिरत असेल.

आषाढात काम नसतं. भिंती ओल्या,
गिऱ्हाईक म्हणतं दिवाळीला बघू.
आई भाकरी थापता थापता विचारते,
'रंगच फासत ऱ्हाशीन का व माय जलमभर?'
उत्तर देऊ नकोस, मीही देत नाही.
जुन्या पेपरवर नुसता 'ळ' काढत बस.
'ळ' कुणालाच नीट येत नाही.
मलाही.

आणि हो, त्या निंबाच्या बोर्डाचं राहिलं.
तिसऱ्या रात्री अंथरुणात दचकून उठले:
मी 'सेंटर'चं टिंब विसरले होते.
तीन दिवस अख्खा फैजपूर रोड
'भरीत सेटर' वाचत गेला होता,
कुणी काही बोललं नव्हतं.
उजाडायच्या आत खुर्ची सायकलला बांधली,
गेले, चढले, टिंब दिलं.
खाली निंबा काड्यांच्या जाळावर वांगी उलटत होता.
वर बघून म्हणाला, 'याचे किती?'

चूक माझी होती.
तरी वीस अगदी जिभेवर आलं होतं.

'राहू द्या,' म्हटलं.
त्यानं कळण्याची भाकरी, वर गरम भरीत ठेवलं,
हिरवी मिरची इतकी की डोळ्यांतून पाणी आलं,
आणि मी तिथंच, बोटाला पांढरा रंग तसाच,
उभ्यानं खाल्लं.

पुढच्या बोर्डापासून काना-मात्रा मोजते.
टिंबसुद्धा.